चार पौंड

२ मार्च, सोमवार
रक्तदाब १३२/८४ मिमी पारा

आलो एकदाचा. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी, कॅल्क्युलेटर आणि ताईने निघताना जबरदस्तीने हातात कोंबलेलं रक्तदाब मोजायचं यंत्र. ताई तीस वर्षं दवाखान्यात नर्स होती आणि हे पाऱ्याचं यंत्र तिच्याबरोबरच निवृत्त झालं. रोज सकाळी कानाला नळ्या लावून दाब घ्यायचा आणि लिहून ठेवायचा, अशी सक्त ताकीद आहे. वही उघडायचीच आहे तर चार ओळी जास्त लिहू, म्हणून ही रोजनिशी.

खोली कार्यालयाच्या वर आहे. जिना कुरकुरतो, पण खिडकीतून सगळा कारखाना दिसतो. खांबांचे ढीग, ट्रॉल्यांचे रूळ आणि टोकाला पत्र्याची शेड. इथे लाकडी खांबांना औषध पाजून ते टिकाऊ करतात. 'पाजतात' हा साहेबांचा शब्द. शेडमध्ये आडवी पडलेली एक लोखंडी टाकी आहे, आगगाडीच्या डब्याएवढी, एका टोकाला गोल दरवाजा. खांब आत घालायचे, दरवाजा आवळायचा आणि दाब देऊन औषध लाकडात मुरवायचं. ही टाकी अकरा वर्षं बंद आहे. ती पुन्हा सुरू करायची आहे आणि त्यासाठीच माझी नेमणूक.

काम माझ्या आवडीचं आहे. टाकीच्या दाबाची जुनी रजिस्टरं काही पौंडांत आहेत, म्हणजे चौरस इंचाला किती पौंड, काही किलोंत, म्हणजे चौरस सेंटीमीटरला किती किलो, आणि तपासणी अधिकाऱ्याला सगळं किलोपास्कलमध्ये हवं. पौंडाला ६.८९५ ने गुणायचं, किलोला ९८.०७ ने. लोकांना हे रटाळ वाटेल. मला असं काम दिलं की मी जेवणही विसरतो.

साहेबांनी स्वतः चहा ओतून दिला. हळू बोलतात, समोरच्याचं ऐकून घेतात. मी शाळेत गणित शिकवायचो हे कळल्यावर त्यांनी विचारलं, मुलांना सगळ्यात आधी काय शिकवायचात. मी सांगितलं, एककाशिवाय आकडा म्हणजे नागडा आकडा. माझ्या वर्गात त्याला अर्धा गुण कापला जायचा. साहेब हसले, पण जरा उशिरा.

४ मार्च, बुधवार
रक्तदाब १२८/८२ मिमी पारा

दाब उतरला. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, नोकरी टिकव म्हणजे आणखी उतरेल. तिचं खरं आहे. शाळा सुटली ती एका दशांश चिन्हावरून मुख्याध्यापकांशी भांडून. त्यानंतर पाच वर्षं मी तिच्या घरी बसून खाल्लं. भाऊजी कधी एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागायचं. या वयात पुन्हा वळकटी घेऊन तिच्या दारात उभं राहणं मला जमायचं नाही.

इथे मला सगळे मास्तर म्हणायला लागलेत. सुरुवात मिस्त्रींनी केली. टाकी त्यांच्याच हाताखाली असते. पन्नाशीचा माणूस, हात घमेल्याएवढे, आणि बोलणं असं की आपण गेल्या जन्मापासून ओळखतो. दुपारी त्यांनी मला शेड दाखवली. टाकीचा दरवाजा चोवीस बोल्टांनी आवळतात. तो कुठून गळतो हे शोधायची इथली पद्धत मी दुसरीकडे कुठे ऐकली नव्हती. एक माणूस दिवा घेऊन आत बसतो, बाहेरून दरवाजा बंद करतात आणि थोडी हवा भरतात. फक्त चार पौंड. कानात दडे बसतात तेवढंच. आतला माणूस दरवाजाला कान लावून फिरतो आणि कुठल्या बोल्टाशी हवा शिट्टी मारते ते वहीत टिपतो. बाहेरच्याशी बोलायचं ते पान्याने ठोके मारून. एक ठोका म्हणजे ठीक, दोन म्हणजे वाढवा, तीन म्हणजे सोडा. एकवीस तारखेला, शनिवारी, मिस्त्री स्वतः आत बसणार आहेत. सोमवारी अधिकारी येणार.

मी म्हटलं, बाहेरचा माणूस डायल बघत असेलच की. मिस्त्री म्हणाले, बघू दे त्याला हवं तर, आपण नाही बघत. डायल खोटं बोलतं, लोखंड बोलत नाही. लोखंडावर तळहात ठेवायचा आणि ठोका सांगेल तेवढंच करायचं.

६ मार्च, शुक्रवार
रक्तदाब १३०/८४ मिमी पारा

आज मिस्त्रींनी डब्यातलं अर्धं माझ्या पुढ्यात सरकवलं आणि आपल्या दादाची गोष्ट सांगितली. अकरा वर्षांपूर्वी आत ऐकायला थोरला भाऊ बसायचा. त्याच आठवड्यात कारखान्यातली जुनी पौंडांची डायलं काढून किलोंची बसवली होती. बाहेर हवा भरायला कॉम्प्रेसरवर असायचे मिस्त्री, पण त्या दिवशी ते रजेवर, त्यांच्या जागी बदली माणूस. दाब किती द्यायचा याची चिठ्ठी कार्यालयातून यायची. पुढे काय झालं ते कोणी धड सांगत नाही. दरवाजा उघडला तेव्हा दादा गेलेला होता. चौकशीत छातीचा विकार लिहिलं गेलं.

दादा ठोका मारून झाला की पाना लोखंडावर घासायचा. सवय होती त्याची. मिस्त्री म्हणाले, हजार ठोक्यांत मी तो ओळखीन, आणि कधी एकदा जरी ऐकू आला ना मास्तर, तर तो म्हणेल ते करीन. एवढं बोलून त्यांनी डबा धुवायला नेला.

१० मार्च, मंगळवार
रक्तदाब १३१/८५ मिमी पारा

रजिस्टर दादा गेला त्या दिवसापर्यंत आलं. दाबाचा रकाना कोरा आहे. पण पानांच्या शिवणीत एक चिठ्ठी अडकलेली होती, घडी करकरीत. तिच्यावर फक्त 'ऐकणे चाचणी' आणि खाली '४'. पौंड नाही, किलो नाही. नुसता चार, खालची शेपटी लांब ओढलेली.

चार पौंड म्हणजे कानात दडे. चार किलो म्हणजे चौदा पट, सत्तावन्न पौंडांच्या जवळपास. चाळीस मीटर पाण्याखाली माणसाला एका दमात ढकलावं तसं. आणि नंतर घाबरून झडप एकदम उघडली असेल तर त्याहून वाईट. बदली माणसासमोर किलोंचं डायल होतं. त्याने चार बघितलं आणि चारवर नेलं.

चिठ्ठी घेऊन साहेबांकडे गेलो. तसा शेपटीचा चार मी रोज बघतो, माझ्या हजेरीवर ते तसाच काढतात. त्यांनी ती हातात घेऊन बघितली. मग शांतपणे म्हणाले, रकाना कोरा ठेवता येणार नाही, अधिकारी विचारेल. चार पौंडांचे होतात २७.६, ते लिहा. मी म्हटलं, किलोंचे ३९२.३ होतात. ते म्हणाले, तसं लिहिलंत तर टाकी कायमची बंद, कारखानाही बंद, तुम्हीही घरी आणि मिस्त्रीही. गेलेला काही परत येत नाही. चिठ्ठी त्यांनी खणात ठेवली.

मी २७.६ किलोपास्कल लिहिलं. स्वच्छ अक्षरात, एककासकट. माझ्या वर्गात याला पूर्ण गुण मिळाले असते.

११ मार्च, बुधवार
रक्तदाब १२९/८३

लिहून टाकलं की मन हलकं होतं म्हणतात. तसं झालं नाही, पण गाढ झोप लागली.

शेडमध्ये दरवाजाशेजारी जुनं छोटं डायल आहे, पौंडांचं, सहापर्यंतच. ऐकण्याच्या चाचणीचं ते हेच. अकरा वर्षांपूर्वी त्याची नळी कापून बूच मारलंय. मी बोट लावून पाहिलं. आज जेवणाच्या सुट्टीत त्याचा काटा हलत होता. वर अडीचपर्यंत, खाली एक पूर्णांक सहापर्यंत, पुन्हा वर, पुन्हा खाली. मिनिटाला सत्तर वेळा. कॉम्प्रेसर बंद होता, आसपास ट्रकही नव्हता.

सवय जात नाही. तिथेच उभ्या उभ्या रूपांतर केलं. आधी किलोपास्कलमध्ये: १७.२ आणि ११. काही अर्थ लागेना. पाण्याच्या उंचीत केलं, तरी नाही. शेवटी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये: १२९ आणि ८३. हसूच आलं. लोखंडाच्या टाकीला रक्तदाब, आणि तोही चांगला म्हणावा असा.

१२ मार्च, गुरुवार
रक्तदाब १३४/८६

सकाळी दाब लिहिताना कालच्या तारखेकडे नजर गेली. १२९, ८३.

योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण मी गणिताचा माणूस, मला पडताळा लागतो. दुपारी शेड रिकामी झाल्यावर डायलसमोर जाऊन उभा राहिलो आणि डाव्या मनगटावर बोटं ठेवली. काटा माझ्या नाडीबरोबर चढत होता. मी श्वास रोखला. नाडी जड झाली, काटाही जड झाला. मी टुणटुण उड्या मारल्या, चाळिशी उलटलेला माणूस, एकटाच. काटा धावायला लागला.

रूपांतर केलं. १३४ आणि ८६ पासून सुरुवात करून तो १५२ पर्यंत गेला होता.

१३ मार्च, शुक्रवार
रक्तदाब १४०/९०

मी केलेल्या नव्या रजिस्टरातली एककं गेली आहेत. सगळी. आकडे आहेत, माझंच अक्षर आहे, पण प्रत्येकाच्या पुढची जागा कोरी. खोडल्याची खूण नाही. कागद उजेडात धरून पाहिला, निबेचा दाबही उमटलेला नाही. नऊ दिवसांचं काम, पानामागून पान, नागडे आकडे.

एकाच ओळीत एकक शाबूत आहे. २७.६, आणि पुढे किलोपास्कल.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, डोळे तपासून घ्या, मला तर सगळं नीट दिसतंय.

१६ मार्च, सोमवार
रक्तदाब १४८/९६

दोन दिवस बसून रजिस्टरातली एककं पुन्हा लिहिली. आज सकाळी पुन्हा कोरी.

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री घरी गेले होते. लख्ख ऊन, शेडचं दार सताड उघडं. मी डायलवर गोणपाट टाकायला गेलो, तेवढंच जमण्यासारखं होतं. टाकीचा दरवाजा बंद, बोल्ट आवळलेले. आतून तीन ठोके आले. मग पाना घासल्यासारखा आवाज.

तीन म्हणजे सोडा.

मी पळालो नाही, हे लिहून ठेवतो. पाय हलत नव्हते म्हणून. पुन्हा तीन, पुन्हा घासणं. अकरा वर्षं तो हेच मारतोय आणि बाहेर ऐकायला कोणी नाही. मला रडू आलं. मोठ्याने म्हटलं, मी ऐकलं. ठोके थांबले. मग अगदी जवळून, दरवाजाच्या माझ्या कानाजवळच्या भागातून, सावकाश चार.

चार ठोक्यांचा अर्थ ठरलेला नाही. पण मला कळला.

१७ मार्च, मंगळवार
रक्तदाब १५५/९८

या वहीतूनही. दहा तारखेपर्यंत वर 'मिमी पारा' आहे. अकरापासून नाही. मी रोज लिहितो, मला लिहिल्याचं आठवतं —

रजिस्टरात ती ओळ खोडून ३९२.३ लिहिलं की संपेल. पेन हातात घेतलं. खाली साहेब कोणाशी तरी बोलत होते की मास्तर आल्यापासून कामाला शिस्त आली, त्यांना कायम करून टाकू. पेन ठेवून दिलं. शनिवार होऊ दे. अधिकारी येऊन जाऊ दे. मग करीन.

१९ मार्च, गुरुवार
रक्तदाब १६०/१००

ताईचा फोन. आकडा सांगितला तर ओरडली, परत ये म्हणाली. मग भाऊजींनी फोन घेतला आणि म्हणाले, नोकरी असू दे, आधी जीव. इतकं चांगलं ते पहिल्यांदाच बोलले. मी सांगितलं, जेवणात मीठ जास्त पडलं.

दिवसभर कानात दडे. आवंढा गिळला तरी सुटत नाहीत. खोलीची खिडकी उघडली तर पडदा आत न येता बाहेर ओढला गेला, खोलीत हवा भरलेली असावी तसा. वारा नव्हता.

मिस्त्रींना सांगायला गेलो. ते दरवाजाला ग्रीस लावत होते. म्हणाले, काय मास्तर, तोंड का उतरलंय. त्यांच्या दादाचं पाकीट ते अजून खिशात बाळगतात, मला दाखवलं. मी म्हटलं, काही नाही, ॲसिडिटी.

भित्रा आहे मी. दुसरा शब्द नाही.

२० मार्च, शुक्रवार
रक्तदाब १६४/१०२

मिस्त्रींना सर्दी. नाक चोंदलेलं, कान बंद, हाक मारली तर वळत नाहीत. अशा माणसाने दाबात जायचं नसतं, पडदा फाटतो कानाचा. हे त्यांनीच मला शिकवलं. साहेब म्हणाले, उद्याच व्हायला हवं. मिस्त्री म्हणाले, जातो.

पुन्हा तोच दरवाजा, तोच साहेब, त्याच घरातला दुसरा भाऊ. आणि रजिस्टरात माझ्या अक्षरात लिहिलेलं की इथे काही झालंच नव्हतं.

मी म्हटलं, मी जातो. साहेबांनी विचारलं, दाब वगैरे नाही ना तुम्हाला. म्हटलं, नाही.

मिस्त्रींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. एवढ्या वेळात मला तेच बरं वाटलं.

२१ मार्च, शनिवार. सकाळी
१६८/१०४

आतून बाहेर आलो की पहिलं काम रजिस्टर. मग मिस्त्रींना सांगायचं. मग ताईकडे, वळकटीसकट. ठरलं.

चिठ्ठी मीच लिहिली. चार, आणि पुढे अक्षरी पौंड, दोनदा गिरवून. आज कॉम्प्रेसरवर असलेल्या मिस्त्रींच्या हातात दिली, तोंडाने मोठ्याने सांगितलंही. त्यांनी मान हलवली. किती ऐकू आलं कोण जाणे.

आत. साडेदहा

दिवा, पाना, ही वही. औषधाचा वास. दरवाजा लागत असताना फटीतून मिस्त्री चिठ्ठी उजेडाकडे धरताना दिसले. उलटसुलट करून बघत होते. कागदावर एकच आकडा होता, लांब शेपटीचा —

बोल्ट आवळले. एक ठोका मारला. ठीक. हवा सुरू.

दडे. आवंढा गिळला, सुटले. सात आणि आठ नंबरच्या बोल्टांमध्ये शिट्टी. एकोणीसपाशी बारीक. आत ऐकणाऱ्यासाठी सहा पौंडांपर्यंतचं छोटं डायल आहे, ते तीनवर. साडेतीन. चार. एक ठोका मारला, बास. हवा थांबली. इतकंच होतं तर. इतकंच

मागून, टाकीच्या दुसऱ्या टोकाकडून, दोन ठोके. पाना घासला.

हवा सुरू झाली.

तीन मारले. जोरात. मागून दोन, घासणं. बाहेर मिस्त्रींचा तळहात लोखंडावर असेल. कान बंद आहेत, पण हा ठोका त्यांना कळेल. हजारांत ओळखतील. त्याने सांगितलं तेवढं करतील. अकरा वर्षं वाट

काटा सहाच्या खुंटीला टेकला. पुढे डायल नाही. गरम होतंय. आवाज काढला तर पोरासारखा बारीक निघाला. कान — उजव्या कानातून ओलं

तीन मारले. तीन. तीन. दोन. जवळून आले. दिव्याच्या पलीकडून.

त्याला मी नको. त्याला ओळ हवी आहे. पुसू नकोस, लिहितो, थांब, लिहितो

रजिस्टर खोटं आहे. साहेबांनी सांगितलं, पण लिहिलं मी, माहीत असून लिहिलं. मिस्त्री, तुमच्या दादाला छातीचा विकार नव्हता. त्या दिवशी टाकीत चार पौंड नव्हते. चार